तीन कड्यांची पेन्सिल

झरी, ता. तलासरी
८ सप्टेंबर २०१६

शितल, सूनबाई, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. त्या उठून आत गेल्या तरी वाचत राहा. तुमचं सुरतेचं घर लहान आहे, आत ऐकू जातं.

बायजीबाय, फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून लिहितोय. आईच्या बाराव्याला तू भरल्या पानावरून उठून गेलीस, त्यानंतर आपण बोललो नाही. त्या भांडणाचं आज काही काढत नाही. पण ज्याच्यावरून भांडण झालं तोच विषय पुन्हा दारात येऊन बसला आहे. बसला आहे म्हणजे खरंच बसला आहे. ओटीवर तुझ्या भावजयीबरोबर, शुक्रीबरोबर, वालाच्या शेंगा सोलतो आहे.

एक बाई आली आहे. चाळिशीची असेल. नाव दक्षा. वेरावळहून आली. म्हणते, मी हाल्याची मुलगी.

म्हणते, आपला दादा यंदाच्या वैशाखात गेला. छातीत पाणी झालं होतं. आयुष्य बोटीवर गेलं, आधी खलाशी, मग इंजिनावर. तिची आई आधीच गेली. भाऊ नाही. शेवटी शेवटी तो एकच बोलायचा, झरीला जाऊन चिमणला सांग, माझं नाव घरच्या लोकांत घ्यायला लाव. घरच्या लोकांत म्हणजे सर्वपित्रीला आपण पान ठेवताना ज्यांची नावं घेतो त्यांच्यात. तेवढ्यासाठी ती आली आहे. दुसरं काही नको म्हणते.

मी कागद मागितला. तिने मृत्यूचा दाखला दाखवला. गुजरातीत आहे, त्यावर नाव हरेश. बोटीवर सगळे त्याला हरेश म्हणत, असं ती सांगते. आता हरेश तर कोणीही असेल. फोटो दाखवला, त्यात पांढऱ्या दाढीचा वाकलेला म्हातारा. आपला दादा घर सोडून गेला तेव्हा त्याला धड मिशी नव्हती. मी फोटो उजेडात धरला, सावलीत धरला. एकदा वाटलं कान आपल्या बापासारखे आहेत. मग वाटलं, म्हातारपणी सगळ्यांचेच कान मोठे दिसतात.

तिला आईचं नाव माहीत आहे, आपली विहीर माहीत आहे. पण वेरावळच्या बोटींवर आपल्या तालुक्यातली निम्मी पोरं जातात. त्यांच्याकडून हे कोणालाही कळेल. आणि इकडे नव्या मोठ्या रस्त्याची मोजणी चालली आहे, जमिनीचे पैसे मिळणार. शेजारचा काळ्या म्हणाला, "चिमणदादा, खुंट्या ठोकायला लागल्यापासून गावात लय नातेवाईक उगवायला लागलेत."

तिने एक वस्तू आणली आहे. बापाची पेन्सिल.

तुला आठवत असेल. घोलवडच्या बागेत बाप पॅकिंगचा मुकादम होता, तेव्हा शेठांनी त्याला पेन आणि आत शिसं घालायच्या पेन्सिलीची जोडी दिली होती. परदेशी माल, गर्द हिरवा रंग, पिवळ्या कड्या. बापाला सहीपुरतंच लिहिता यायचं, तरी दोन्ही बंडीच्या खिशाला लावून फिरायचा. चिकूच्या खोक्यांवर पेन्सिलीने खुणा करायचा, पेन फक्त सहीला. तो गेल्यावर आईने वाटण्या केल्या. दादा बागेत कामाला होता म्हणून पेन्सिल त्याला. मी चौथी झालेलो म्हणून पेन मला. तू रडलीस म्हणून रिकामी पेटी तुला. दादा बाग सोडून गेला तेव्हा पेन्सिल त्याच्या खिशालाच होती.

आता ही बाई म्हणते ती हीच. रंग तोच आहे. पण हिरव्या पेन्सिली जगात काय एकच असतील?

सर्वपित्री या महिन्याच्या तीस तारखेला आहे. आईने मला शपथ घातली होती, जोवर कोणी सांगत येत नाही तोवर हाल्याचं नाव मेलेल्यांत घ्यायचं नाही. आपल्या सुक्याकाकाचं काय झालं ते तुझ्यासमोर झालं. तो मुंबईला गेला आणि मेला समजून घरच्यांनी पानाला त्याचं नाव घेतलं. पुढच्या होळीला तो चालत घरी आला आणि पाऊस लागायच्या आत खरंच गेला. त्या भीतीनेच मी आईच्या बाराव्याला, हाल्याचंही नाव घे, हे तुझं ऐकलं नाही. आता कोणी सांगत आलं आहे. पण ते खरं आहे का?

बापाची पेन्सिल कशी होती, तुला जे आठवतं ते कळव. तू मोठी आहेस. मी तेव्हा लहान होतो, मला पेन्सिलीचा हिरवा रंग आणि चमक एवढंच आठवतं.

चिमण


१४ सप्टेंबर २०१६

बायजीबाय,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोहोचायला वेळ लागतो हे मला कळतं, तरी मी रोज पोस्टमनची सायकल दिसते का बघतो. आता तर तो मोटारसायकलवर येतो, हेही मी विसरतो.

दक्षा अजून इथेच आहे. मी तिला ना हो म्हटलं ना नाही. शुक्रीचं आणि तिचं जमलं आहे, तेही मला बरं वाटत नाही. उद्या ती खोटी निघाली तर शुक्रीला समजवायचं कोणी?

काल मी पेन आणि पेन्सिल दोन्ही घेऊन डहाणूला गेलो. स्टेशनच्या बाजूला रूपेशचं घड्याळाचं दुकान आहे. त्याचा बाप घड्याळं आणि पेनं दोन्ही दुरुस्त करायचा. रूपेशला जुन्या पेनांचा नाद आहे, मुंबईहून लोक त्याला फोटो पाठवून विचारतात. दक्षालाही बरोबर नेलं. पेन्सिल ती माझ्या एकट्याच्या हातात द्यायला तयार नव्हती. म्हणाली, "काका, तुम्हाला माझा भरवसा नाही तर मला तुमचा कशाला हवा?" तोंडाने तिखट आहे. दादाही तसाच होता, पण तशी माणसं पुष्कळ असतात.

रूपेशने डोळ्याला भिंग लावलं. आधी पेन बघितली, मग पेन्सिल, मग परत पेन. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी म्हणाला, "काका, दोन्ही चांगल्या आहेत. पण जोडी नाही."

मी म्हटलं, "कशावरून?"

त्याने भिंग माझ्या डोळ्याला लावलं. पेनच्या टोपणाला दोन कड्या आहेत, दोन्ही सारख्या जाडीच्या. पेन्सिलीला तीन आहेत, मधली जाड आणि वर खाली बारीक. जाड कडीवर तिरप्या रेघांची नक्षी आहे. पेनच्या कडीवरही तशीच नक्षी आहे, पण पेनच्या रेघा उजवीकडे झुकतात आणि पेन्सिलीच्या डावीकडे. खिशाला अडकवायची पट्टी तीही वेगळी. पेनची सपाट, पेन्सिलीच्या पट्टीच्या टोकाला गोल मणी.

रूपेश म्हणाला, "या कंपनीच्या सगळ्या जोड्या मी बघितल्यात, काका. दोन कड्या, उजवी नक्षी, सपाट पट्टी. तुमची पेन अगदी नियमात आहे. ही पेन्सिल मात्र मी कधी बघितली नाही. एक तर फार दुर्मिळ, नाहीतर कोणीतरी नक्कल केलेली. जोडीतली पेन अशी आणि पेन्सिल तशी, असं कारखाना करत नाही. करतो तर दोन्ही सारखं करतो."

दक्षा म्हणाली, "पण माझ्या बापूजींच्या खिशाला हीच होती. मी जन्मापासून बघते."

रूपेश म्हणाला, "असेल ना ताई. मी फक्त पेनबरोबर जमत नाही एवढं म्हणतो."

येताना जीपमध्ये ती माझ्यापासून लांब, पुढे जाऊन बसली.

आता तुझ्याकडे पेटी आहे. रूपेशने सांगितलं की अशा पेटीत आत मखमलीला खाचा असतात, पेनची वेगळी, पेन्सिलीची वेगळी. पट्टीला मणी असेल तर खाचेत त्याच्यासाठी छोटा गोल खळगा लागतो, नाहीतर वस्तू नीट बसत नाही. तू पेटी उघडून बघ. खळगा आहे का? पेनच्या बाजूला आहे का, पेन्सिलीच्या बाजूला आहे का, दोन्हीकडे आहे का? शितलला फोन करायला लाव. मी तुझ्याशी बोलायचा हट्ट करणार नाही.

चिमण


२० सप्टेंबर २०१६

बायजीबाय,

परवा शितलचा फोन आला. तिने सांगितलं ते मी इथे लिहून काढतो, म्हणजे चुकीचं ऐकलं असेल तर कळेल. "मामा, आई म्हणतात पेटीत गोल खळगा कुठेच नाही. आणि आजोबांच्या पेनला पेन्सिलीला दोन दोनच कड्या होत्या, त्यांना पक्कं आठवतं. ती बाई खोटी आहे म्हणतात. तिला घरात ठेवू नका."

मी म्हटलं, "पेटी उघडून बघितली का आईने?" ती म्हणाली, "हो, आत जाऊन बघून आल्या." मग म्हणाली, "मामा, तुम्ही एवढं जीवाला का लावून घेता? हाल्यामामांचं पान तर आई दर सर्वपित्रीला इथे काढतातच. तुमच्याकडे निघालं काय, न निघालं काय." आणि मागून तुझा आवाज आला, तिने घाईने फोन ठेवला.

शितलला बोलू नकोस. पोरीच्या तोंडून निघून गेलं.

मी त्याच संध्याकाळी दक्षाला सांगितलं. आधी पाणी प्यायलो. म्हटलं, "बाई, मी तुला खोटी म्हणत नाही. तुझ्या बापाने दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल घेतली असेल. तो माझा भाऊ नव्हता."

ती म्हणाली, "एका पेनच्या टोपणावरून तुम्ही सांगता?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीलाही तसंच आठवतं."

"तुमच्या बहिणीने मला बघितलंय?"

मी म्हटलं, "नाही."

ती हसली. चांगलं हसली नाही. म्हणाली, "बापूजी सांगायचे, माझा भाऊ दार लावल्यावर परत उठून बघतो, दार लागलं का. मला वाटायचं गंमत करतात." मग आत गेली, पिशवी भरली. शुक्रीने तिला रात्री जाऊ दिलं नाही. सकाळी पहिल्या गाडीने ती रानशेतला गेली. तिथे तिच्या बापाबरोबर बोटीवर काम केलेल्या बाळ्याचं घर आहे म्हणे.

दार लावून परत बघायची सवय मला आहे. शुक्रीने सांगितलं असेल तिला, मी स्वतःला असंच समजावतो.

तू म्हणालीस ते मी केलं. खरं तर आता मला बरं वाटायला हवं होतं. दोन दिवस मी जेवलो नाही असं शुक्री म्हणते. मी जेवलो, पण थोडं.

चिमण


२६ सप्टेंबर २०१६

शितल, हे पत्र आधी तू एकटी वाच. मग आईला दे. वाचून दाखवायचं की नाही ते तुझ्यावर सोडतो.

बायजीबाय,

शुक्री माझ्याशी बोलत नव्हती हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. दक्षा गेल्यापासून ती ताट पुढे सरकवायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. काल मी म्हटलं, "अगं, मी काय केलं? टोपण जुळलं नाही, टोपणाच्या कड्या जुळल्या नाहीत, त्याला मी काय करू?"

ती म्हणाली, "टोपण टोपण काय लावलंय. ते टोपण तुमच्या बापाचं हाय का तरी?"

मला कळलंच नाही. मग ती उठली आणि शिवणाच्या डब्यातून सुयांची नळी काढून माझ्यापुढे टाकली. ती नळी मी लग्नापासून, म्हणजे लग्नानंतर काही वर्षांपासून, नेहमी बघतो. वरून काळ्या दोऱ्याचे वेढे असतात, आत सुया. मी कधी विचारलं नाही, बायकांची वस्तू. तिने दोरा सोडवला. हिरवी नळी निघाली. एका बाजूने उभी चीर गेलेली.

झालं होतं असं. मी पेन खिशात ठेवून सदरा धुवायला टाकला. शुक्रीने ओढ्यावर दगडावर आपटला. टोपण फुटलं. मग बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन डहाणूला गेली तेव्हा पेन रूपेशच्या बापाला दाखवली. त्याने त्याच रंगाचं दुसरं टोपण बसवून दिलं. फुटकं टोपण तिने सुयांना ठेवलं. रंग तोच, मी कड्या कधी मोजल्या नव्हत्या, म्हणून मला कळलं नाही.

मी म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी जीव खाल्ला असता माझा. अजून खात असता."

"मग दक्षा होती तेव्हा तरी सांगायचं!"

"मला काय ठाव तुमी टोपणाच्या कड्या मोजताय ते? तुमी दोघं दुकानातनं आलात ते तोंडं पाडून. मला वाटलं पेन्सिलच खोटी निघाली. आज तुमी 'टोपण, टोपण' बडबडलात तवा माझ्या ध्यानात आलं."

बायजीबाय, मी ते टोपण उजेडात नेलं. तीन कड्या. मधली जाड, वर खाली बारीक. पट्टीच्या टोकाला मणी. भिंग नव्हतं, तरी दिसलं, रेघा डावीकडे झुकलेल्या.

आज सकाळी मी ते घेऊन रूपेशकडे गेलो. सुया शुक्रीने काढून घेतल्या, आणि म्हणाली, "आता माझ्या सुया ठेवू कुठं?" रूपेशने टोपण हातात घेतलं आणि भिंग लावून फिरवून फिरवून बघितलं. मग म्हणाला, "काका, ही जोडी खरी आहे. मी चुकलो." त्याने मला समजावलं. कारखान्यात कड्या कोरायचं हत्यार एखाद्या वेळी उलटं बसतं, नक्षी उलटी पडते. असा माल थोडाच निघतो, लक्षात आलं की थांबवतात. तीन कड्यांचं काय कारण ते त्यालाही माहीत नाही. म्हणाला, पहिल्या नमुन्यातला माल असेल, मग त्यांनी स्वस्त करायला दोन केल्या असतील. पण तीन कड्या, उलटी नक्षी आणि मणी, हे तिन्ही या टोपणावर आहे आणि तिन्ही त्या पेन्सिलीवर होतं. "असं दोन वेगळ्या घरी योगायोगाने सापडत नाही. आणि बाबांनी टोपण इतकं साफ बसवलं की मलाच कळलं नाही," म्हणाला.

मी तिला माझ्या पेनवरून खोटं ठरवलं, आणि खोटं टोपण माझ्याच खिशाला होतं.

तरी मन शांत नाही. पेन्सिल बापाची, म्हणून ती दादाची मुलगी कशावरून? तो मेल्यावर कोणी उचलली असेल. त्याने विकली असेल. तो अजून कुठे जिवंत असेल. मग मी दार लावतो आणि मला ती म्हणाली ते आठवतं, आणि मी उठून बघत नाही. मुद्दाम बघत नाही. पण शुक्रीने हे तिला सांगितलं नव्हतं. मी विचारलं. शुक्री म्हणाली, "मी कशाला माझ्या घरची वेडं बाहेर सांगू?"

आता पेटीचं लिहितो. टोपणाला मणी होता, पेन्सिलीला मणी आहे. मग खळगे असायला हवेत. तू आत जाऊन बघून आलीस म्हणे.

मी रागावून लिहीत नाही. मी रात्रभर, म्हणजे बराच वेळ, विचार केला, तू असं का सांगितलंस. मग शितल फोनवर बोलून गेली ते मला उलगडलं. तू आईच्या बाराव्यापासून तिकडे दादाचं पान काढतेस. नाव घेतेस. आणि ही बाई सांगते की तो यंदा वैशाखापर्यंत जिवंत होता. ती खरी असेल तर तू इतकी वर्षं जिवंत माणसाला मेलेल्यांत बोलावलंस. सुक्याकाकाचं तुलाही आठवतं. म्हणून ती खोटी हवी होती तुला.

बाय, मला भीती म्हणजे काय ते माहीत आहे. मी त्यातच म्हातारा झालो.

सर्वपित्री शुक्रवारी आहे. उद्या रानशेतला जातो.

चिमण


२८ सप्टेंबर २०१६
रानशेतहून परत येऊन

हे पत्र तुला अमावास्येनंतर मिळेल. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला सांगू.

दक्षा बाळ्याच्या घरी होती. मी फुटकं टोपण तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं, धुण्यापासून सुयांपर्यंत. तिने टोपण उचललं नाही. बाळ्याची बायको, बारकी, भाकरी थापता थापता ऐकत होती, तिने हात थांबवला.

दक्षा म्हणाली, "म्हणजे आता मी खरी झाले. शुक्रीकाकूंच्या सुयांमुळे."

मी म्हटलं, "हो."

"आणि उद्या तुमची बहीण म्हणाली, सुया खोट्या, तर?"

मी टोपण तिच्याकडे आणखी सरकवलं.

ती म्हणाली, "काका, मी दहा-बारा दिवस तुमच्याकडे राहिले. बापूजी कसे होते, काय खायचे, कशावर चिडायचे, एकदा तरी विचारलंत? पेन्सिल विचारलीत. दाखला विचारलात. तुम्ही अमावास्येला पेनला विचारून नाव घ्या. मला नको. मी उद्या संध्याकाळच्या गाडीने जाते."

मग मी तिथेच ओटीवर बसलो आणि विचारलं, तो काय खायचा. उशीर झाला होता हे मला कळत होतं. बारकी म्हणाली, "सुकटाची चटणी आनं नाचणीची भाकर. आमी वेरावळला होतो तवा घरी आला का हेच मागायचा. तिकडं नाचणी मिळत नाय म्हनून." दक्षा उठून आत गेली.

टोपण मी तिथेच ठेवून आलो. निघताना बारकीला म्हटलं, अमावास्येला सकाळी सातला आम्ही पान ठेवतो. बारकी म्हणाली, "आता मला कशाला सांगता? जिला सांगायचं ती आत हाय."

एकट्याने नाव घ्यायचं मला धाडस होत नाही. तिच्याशिवाय घेतलं तर ते नाव घेणं होईल का? आणि नाही घेतलं तर आईच्या शब्दाला पुढे काय अर्थ, कोणीतरी सांगत आलं ना? दोन्हीकडून मला वाटतं की मी चुकणार.

चिमण


१ ऑक्टोबर २०१६

बायजीबाय,

काल सकाळी मी लवकर अंघोळ केली. शुक्रीने सगळं रांधलं. वाल, भोपळा, खीर. आणि न विचारता सुकटाची चटणी केली, नाचणीची भाकर केली. मी म्हटलं, "पितरांच्या पानात सुकट चालतं का?" ती म्हणाली, "ज्याला द्यायचं त्याला चालतं."

सात वाजले तरी मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. पानं वाढलेली, झाकलेली. शुक्री म्हणाली, "आणि किती येळ?" मी म्हटलं, "जरा थांब." मी रस्त्याकडे बघत नव्हतो असं दाखवत होतो, पण तिकडेच बघत होतो.

ती आली. बाळ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, डोक्याला ओढणी गुंडाळून. तिची गाडी केव्हाच निघून गेली होती, ती गेली नव्हती. कारण मी विचारलं नाही. ती म्हणाली, "पान काढलंत का?" मी म्हटलं, "काढलंय." तिने पेन्सिल खिशातून काढून पानाच्या बाजूला ठेवली, आणि फुटकं टोपण तिच्या शेजारी. मी पेन ठेवली.

मी नावं घ्यायला लागलो. आजा, आजी, बाप, आई, सुक्याकाका, सगळी क्रमाने. आई झाली, काका झाला आणि मी थांबलो. इतकी वर्षं ते नाव या जागी मी गिळत आलो. वाटलं, आत्ता घेतलं आणि तो कुठे जिवंत असला तर? शुक्री माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "हाल्या." फार हळू.

दक्षा म्हणाली, "मोठ्याने म्हणा काका. इंजिनाच्या आवाजाने बापूजींना कमी ऐकू यायचं."

मग मी मोठ्याने म्हटलं. पलीकडच्या घरातला काळ्या बाहेर येऊन उभा राहिला इतक्या मोठ्याने. पुन्हा म्हटलं, हाल्या, आणि तिने सांगितलं म्हणून हरेशही म्हटलं. ती रडली. मी रडलो की नाही ते शुक्रीला विचार, मला आठवत नाही.

जेवायला बसलो तेव्हा मी तिला विचारलं आणि या वेळी तिने सांगितलं. तो चिडला की घरातून बाहेर जाऊन जाळं शिवत बसायचा. त्याला पोहायला येत नव्हतं. एवढी वर्षं बोटीवर आणि पोहता येत नव्हतं. आईची आठवण काढायचा, पण घरी का आला नाही हे तिलाही कधी सांगितलं नाही. म्हणायचा, आता जाऊन काय तोंड दाखवू, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी म्हणता म्हणता गेला.

दक्षा चार दिवस राहील. पेन्सिल ती परत नेणार, मी मागितली नाही. टोपण शुक्रीने धुऊन पुन्हा सुयांना घेतलं.

आता तुझ्याविषयी. दादा जिवंत असताना मी नाव घेतलं नाही आणि तू घेतलंस. हे मी तुला हरवायला लिहीत नाही. थोडंसं त्यासाठीही लिहितोय, खोटं कशाला बोलू. पण मी दक्षाला विचारलं, दरवर्षी भाद्रपदात तो आजारी पडायचा का, काही व्हायचं का. ती म्हणाली, कधी नाही. ते दिवस मासेमारीचा मोसम सुरू व्हायचे, तो ठणठणीत बोटीवर असायचा. म्हणजे तू बोलावत राहिलीस त्याने त्याचं काही बिघडलं नाही. तो म्हातारा होऊन, खाटेवर, मुलीच्या हातचं पाणी पिऊन गेला. सुक्याकाकाला वयाने नेलं असेल. मी हे आज पहिल्यांदा लिहितोय, पण मला तसंच वाटतं.

तेव्हा भिऊ नकोस. पेटी मला नको, खळग्याविषयी मी तुला विचारणार नाही.

एकच सांगणं आहे. यापुढे तिकडे सुरतेला त्याचं पान काढू नकोस. त्याला कमी ऐकू येतं, दोन ठिकाणांहून हाका आल्या तर तो मधेच कुठे उभा राहील. पुढच्या सर्वपित्रीला तू इकडे ये. त्याचं नाव तू घे, तुझा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. मी बाकीची घेईन.

त्याआधीही ये. दक्षा मंगळवारपर्यंत आहे, पत्राला उशीर होईल म्हणून हे शितलला फोनवरही सांगतो. सकाळच्या पॅसेंजरने घोलवडला उतर, मी रिक्षा घेऊन उभा असेन. ती तुझ्याशी तिखट बोलेल, तर बोलू दे.

चिमण